इस्त्रीतला निखारा

मामा,

तुमचा चिमटा गॅलरीतल्या त्याच खिळ्याला आहे. तेराव्याला आलेल्या बायकांनी घर आवरताना तो काढून भांड्यांत टाकला होता. मी शोधून परत अडकवला. तुमची बहीण म्हणाली, "अगं, कशाला ठिवतीस तो काळा चिमटा? गॅसवर काय काम त्याचं?" मी काहीच बोलले नाही. मी बोलले नाही म्हटल्यावर तुमचा लेक बालाजीसुद्धा वळून बघायला लागला. या घरात माझं तोंड बंद राहिलेलं कुणाच्या पाहण्यात नाही.

पण तुमच्याशी बोलायचं राहिलं आहे. थोडं भांडायचंही राहिलं आहे. सून सासऱ्याशी भांडते का, असं कुणी विचारेल. आपण भांडायचो. अंबाडीच्या भाजीवरून भांडायचो, आणि त्या भांडणातलं शेवटचं वाक्य माझं होतं. तेच आता घशाखाली उतरत नाही.

लग्न होऊन मी कंधारजवळच्या तुमच्या गावी आले तेव्हा लातूर सोडून कधी राहिले नव्हते. डोक्यावर पदर, मान खाली आणि तोंडातून शब्द नाही, हे आज माझ्या ऑफिसात सांगितलं तर लोक हसतील. जेवणही जेमतेम चार घास. मग एका संध्याकाळी आत्याबाईंनी अंबाडी केली. पाला उकडून, पिळून, ज्वारीच्या कण्या घालून घोटलेली, वरून लसणाची चरचरीत फोडणी. इथपर्यंत माझ्या माहेरीही तशीच करायचे. पण आत्याबाईंनी भाजीच्या मधोमध एक वाटी ठेवली. चुलीतला बाभळीचा निखारा याच चिमट्यानं उचलून तिच्यात टाकला, त्यावर चमचाभर तेल सोडलं आणि धूर बाहेर पळायच्या आत वर परात झाकली. हा धुंगार मी पहिल्यांदाच बघत होते. जेवायला बसले तर भाजी आंबट, तिखट, आणि त्या दोन्हींच्या मागून चुलीचा हलका वास. मी ताट पुसून खाल्लं आणि पदराआडून म्हणाले, "अजून वाढा."

आत्याबाई हसल्या. तुम्ही ओसरीवर जेवत होतात, तिथून म्हणालात, "बोलती की सून! मला वाटलं, मुकीच दिली का काय."

ते "अजून वाढा" मी विसरून गेले. तुम्ही नाही विसरलात.

तुमचं नाक गावात मशहूर होतं. जमिनीतलं धान्याचं पेव उघडलं की लोक तुम्हाला बोलवायचे. ज्वारीची मूठ नाकाशी नेऊन तुम्ही सांगायचात, ओल लागली का नाही. कंधारच्या बाजारात गूळ तुम्ही चाखायचा नाहीत, हुंगायचात. गूळवाला चिडायचा, "घ्यायचा तर घ्या पाटील, सर्दी झाल्यागत काय करून राहिले!" आणि आत्याबाईंची भाजी झाकलेली असली की तुम्ही ओसरीवरूनच, आत न डोकावता सांगायचात, "काढ झाकण आता. पुरे झालं." त्या म्हणायच्या, "धुंगार म्हंजे पाहुणा बाई. येऊन गेला तर बरा. ठाण मांडलं का घरचेच बाहेर." झाकण काढायचा हुकूम तुमचा आणि शहाणपणाची म्हण त्यांची. तुमच्या दोघांचा संसारही मला त्या भाजीसारखाच वाटायचा. हे मी तुम्हा दोघांनाही कधी सांगितलं नाही.

आत्याबाई गेल्या आणि तुम्ही एक पिशवी आणि हा चिमटा घेऊन लातूरला आमच्याकडे आलात. चिमटा बघून मी म्हटलं होतं, "मामा, इथं फ्लॅटमध्ये चूल कुठाय?" तुम्ही म्हणालात, "चूल न्हाई तर न्हाई. चिमट्याला काय खायला लागतंय?" आणि गॅलरीत खिळा ठोकलात.

मी दिवसभर कॉलेजच्या ऑफिसात, बालाजी डाळीच्या मिलमध्ये. संध्याकाळी घरी येईपर्यंत माझ्या पोटात कावळे ओरडत असायचे. एक दिवस आले तर तुम्ही ओट्यापुढं उभे, धोतराचा सोगा कमरेला खोचलेला, आणि कढईत अंबाडी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासरा स्वयंपाक करतोय आणि सून पर्स ठेवून आयती जेवायला बसतेय. म्हटलं, "मामा, लोक काय म्हणतील?"

"लोक जेवायला येणार हायत का?" तुम्ही विचारलंत. "मंग त्यांचं काय ऐकायचं."

निखाऱ्याची मात्र पंचाईत होती. पहिल्यांदा तुम्ही कोळसा सरळ गॅसवर धरलात, बर्नरची भोकं राखेनं बुजली आणि मी तुमच्यावर ओरडले. तुम्ही लहान पोरासारखे बाजूला उभे राहिलात. दुसऱ्या दिवशी तुम्हीच वाट काढलीत. आपल्या जिन्याखाली हमीदभाईंचं इस्त्रीचं टेबल. बापजाद्यांपासून याच धंद्यातले. अजून कोळशाचीच इस्त्री वापरतात, लाइट गेली तरी त्यांचं काम अडत नाही. तुम्ही चिमटा आणि स्टीलची वाटी घेऊन खाली उतरलात. हमीदभाईंनी इस्त्रीचं झाकण उघडलं, आतला एक लालबुंद निखारा तुम्ही उचललात, आणि वर ताटली झाकून तरातरा जिना चढलात. जिन्यात कुणी "रामराम" म्हटलं तरी थांबायचं नाही. थांबलं की निखारा राख धरतो.

हमीदभाई म्हणायचे, "चाचा, तुमची भाजी गरम आणि हमारी इस्त्री थंडी!"

"तुला वाटीभर भाजी आणून देतो की बाबा, कामून रडतोस," तुम्ही म्हणायचात. आणि द्यायचात. कॉलनीतल्या सगळ्यांचे शर्ट कडक करणारा निखारा आपल्या कढईत येऊन बसायचा, याची मला फार गंमत वाटायची.

ती भाजी आत्याबाईंच्या हातची होती. पहिल्या घासाला मला वाटलं, त्या आत आहेत. मी काय म्हणाले माहीत आहे तुम्हाला? "जमली की." बस्स. एवढंच. तुम्ही मात्र तेवढ्यावर दोन दिवस खूश. एरवी मी पानभर बोलणारी बाई, मामा, आणि जिथं बोलायला हवं होतं तिथं दोन शब्दांत उरकलं.

मग कोरोना आला आणि आपण तिघंही आडवे झालो. तापातून उठलो तर कुणालाच वास नाही. आठवतं? मी रोज सकाळी चहाबरोबर हिंगाची डबी टेबलावर ठेवायची, ती हातोहात फिरायची आणि मी हजेरी घेतल्यासारखी विचारायची, "वास आला का?" आधी माझा आला. मग बालाजीचा. तुम्ही रोज मान हलवायचात. मी बजावलं, "मामा, वास येईपर्यंत गॅसकडं फिरकायचं नाही. गॅस सुटला तर तुम्हाला कळायचं नाही, आणि घरी तर तुम्ही एकटे." आणि खरंच मी तुम्हाला फिरकू दिलं नाही. सकाळीच सगळा स्वयंपाक करून, सिलिंडरचा खटका बंद करून जायची. तुम्ही गॅलरीत खुर्ची टाकून बसून राहायचात.

मग एका सकाळी तुम्ही डबी नाकाशी धरलीत आणि म्हणालात, "आला."

"कशाचा आला?"

"हाव, हिंगाचाच की. दुसरा कशाचा येतोय?"

बालाजीनं टाळी वाजवली. मी त्या संध्याकाळी गंजगोलाईच्या बाजारातून अंबाडीची मोठी जुडी आणली आणि स्वयंपाकघर तुमचं तुम्हाला परत दिलं.

त्यानंतर तुम्हाला एक सवय लागली. झाकण जरा उचलायचं आणि तिथूनच मला हाक मारायची, "सूनबाई, वास आला का?" मला वाटायचं, हिंगाच्या डबीची थट्टा चाललीय. मला वाटायचं, म्हाताऱ्याला कौतुक ऐकायचंय. आणि मला जात्याच खोड. कुणी कौतुक मागितलं की माझा हात आखडतो. मी बाहेरून तुमच्याच सुरात ओरडायची, "कुठं? न्हाई आला बाबा!" तुम्ही निमूटपणे चिमटा घेऊन पुन्हा जिना उतरायचात. दुसरा निखारा. पुन्हा तेल, पुन्हा झाकण, पुन्हा "वास आला का?" तुम्ही कढईवर इतके वाकायचात की डोळ्यांत पाणी यायचं. मी म्हणायची, "मामा, अंबाडी रडवतीय का कांदा?" आणि मी हसायची.

भाजी दिवसेंदिवस धुरकट होत गेली. मीठ नेमकं, आंबटपणा नेमका, तिखट जिथल्या तिथं. फक्त धूर म्हणजे नुसता कहर. म्हणून तर शंका आली नाही. ज्याच्या जिभेला एवढं कळतं त्याला धूर का कळू नये? मी धरून चालले, हट्ट आहे. वय झालं की माणूस हट्टी होतो. एकदा गॅसवर दूध करपून कोळसा झालं आणि तुम्ही शेजारीच पेपर वाचत बसला होतात. मी म्हटलं, तंद्री. शेंगदाण्याची चटणी खवट झाली होती, ती तुम्ही भाकरीबरोबर मजेत खाल्लीत. मी मनात म्हटलं, किती मोठं मन, सुनेला वाईट वाटू नये म्हणून नाक मुरडलं नाही. त्या चटणीसाठी मी मनातल्या मनात तुमच्या पाया पडले होते. आता त्या पाया पडण्याचं काय करू? राहू दे. ते मी परत घेत नाही.

आणि गेल्या हिवाळ्यातला तो रविवार. मी दमलेली होते, डोकं दुखत होतं, हे कारण नव्हे. पहिला घास घेतला आणि ताट सरकवलं. "मामा, ही भाजी आहे का भट्टी? किती सांगायचं? आत्याबाईंच्या हातची अशी नव्हती."

बालाजी म्हणाला, "अगं..." तुम्ही हात वर करून त्याला थांबवलंत. माझ्याकडं बघितलंत. रागानं नाही. काहीतरी विचारायचंय आणि विचारता येत नाही, असं. मग म्हणालात, "बरं."

एवढंच "बरं". वाटी घासून फळीवर उपडी ठेवलीत, चिमटा खिळ्याला अडकवलात, आणि त्यानंतर तुमची अंबाडी धुंगाराशिवाय व्हायला लागली. साधी, लसणाची, चांगली. तुम्ही "वास आला का?" विचारायचं बंद केलंत. मला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग चुकल्यासारखं वाटायला लागलं. कितीदा मनात आलं, म्हणावं, "मामा, द्या की आज धुंगार, थोडासा." ओठांवर यायचं आणि मी दुसरंच काहीतरी बोलायची. म्हटलं, बोलू सावकाश. तुम्ही कुठं पळून चालला होतात?

पोळा झाला आणि त्या आठवड्यातच सकाळी तुम्ही म्हणालात, "सूनबाई, छातीत कायतरी होऊन राहिलंय." दवाखान्यात पोचेपर्यंत तुम्ही नव्हतात.

दहाव्याला कावळा लगेच शिवला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. म्हातारा समाधानानं गेला, काही इच्छा राहिली नव्हती, म्हणाले. मला राग आला, मामा. इतकं लवकर समाधान होतं तुमचं? जरा अडून बसायचं. तिथं सगळ्यांसमोर मी कायतरी कबूल केलं असतं.

काल सगळे पाहुणे गावाकडं परतले. मी अंबाडी आणली, निवडली, उकडली, घोटली. मग चिमटा आणि तुमची वाटी घेतली आणि पहिल्यांदाच स्वतः जिना उतरले. हमीदभाईंनी माझ्या हातातला चिमटा बघितला आणि इस्त्री थांबवली. मी विचारायच्या आधीच झाकण उघडलं.

"चाचा गेल्यापासून कुणी निखारा न्यायला आलं न्हाई भाभी," ते म्हणाले. "थंडीपासनं चाचाबी येत नव्हते. मी पुसलं, तर बोले, सूनबाईको धूर जास्ती होतोय. मैं बोल्या, तो कम डालो ना चाचा. बोले, कम किती अन् जास्ती किती, मला कसं समजावं? मेरेकू तो बास आताच नै."

मी म्हटलं, "काय?"

"बास. वास. कोरोनापासनंच येत नव्हता ना त्यांना." ते माझ्याकडं बघत राहिले. "तुम्हाला मालूम न्हाई?" मग घाईघाईनं म्हणाले, "मला कसम घातली होती भाभी. बोले, सूनबाईला समजलं तर मला गॅसजवळ फटकू देणार न्हाई. दिसभर गॅलरीत बसून मरीन मी. आता ते न्हाईत, म्हणून बोललो."

वाटीतला निखारा राख धरायला लागला होता, आणि मी तिथंच उभी होते.

मामा, आता भांडणाचं बघू. तुम्ही मला सांगायला हवं होतं. माझं नाक तुम्ही वापरत होतात, तर ते मला माहीत असायला नको? तुम्ही विचारत होतात, "वास आला का?" आणि मी समजत होते, लाड चाललेत. मी थट्टेत "न्हाई आला" म्हणायची, तुम्ही खरं मानून आणखी एक निखारा आणायचात, त्या गुडघ्यांनी, तो जिना. आणि पानावर बसल्यावर मीच म्हणायची, धूर लई झाला. एकाच तोंडानं दोन गोष्टी. काय वाटत असेल तुम्हाला? सून चेष्टा करतेय? छळतेय? का तुम्हाला वाटायचं की दोन्ही खरंच आहे, आपल्यालाच आता काही जमत नाही? त्या रविवारी तुम्ही माझ्याकडं बघितलंत ते हेच विचारायला ना?

आणि तुमच्या बाजूनंही मलाच बोलावं लागेल, कारण तुम्ही नुसतं "बरं" म्हणाल. तुम्ही सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? तुम्ही बरोबर ओळखलं होतं मला. मी सिलिंडरचा खटका बंद करून गेले असते, रोज. काळजीनं केलं असतं, पण केलंच असतं. ज्या माणसाला गावानं नाकासाठी बोलवावं त्याला मी नाकासाठी गॅलरीत बसवलं असतं. म्हणजे हे भांडण मी जिंकत नाही. तुम्हीही जिंकत नाही. हे असंच राहणार.

फक्त एक विचारू? हिंगाच्या डबीला तुम्ही "आला" म्हणालात तेव्हा मी त्या संध्याकाळी अंबाडी आणली. तुम्ही हसत होतात. स्वतःला धूर कळत नाही, वास येत नाही, तरी कशासाठी एवढी धडपड? तुमच्या जिभेला ती नुसती आंबट असणार. बालाजीला तर पालेभाजी आवडतच नाही. मग त्या घरात धुंगार कुणाला आवडायचा? एकदा पदराआडून "अजून वाढा" म्हटलेलं तुम्ही धरून ठेवलंत, मामा, आणि ते माझं मला आठवायला तुम्हाला जावं लागलं.

मी वर आले. निखाऱ्यावरची राख फुंकली, वाटी भाजीत ठेवली, तेल सोडलं, झाकलं. थोड्या वेळानं झाकण उचललं आणि वाकून बघितलं. काही नाही. पुन्हा हुंगलं, काही नाही. जिन्यापासून रडत होते, नाक पार चोंदलं होतं. कढईपुढं चिमटा घेऊन मी उभी आणि आत धूर आहे का नाही, हे मला सांगता येईना. तुम्ही इथं उभे राहायचात. याच फरशीवर. मग मी तेच केलं जे तुम्ही करायचात. बाहेर हाक मारली, "अहो, वास आला का?"

बालाजीला यातलं काही माहीत नाही. अजूनही सांगितलेलं नाही. तुम्ही गेल्यापासून घरात कुणी थट्टा केली नव्हती. त्याला वाटलं असेल, बायको जरा सावरली. तो माझ्याच सुरात ओरडला, "कुठं? न्हाई आला बाबा!"

मी चिमटा घेतला आणि पुन्हा जिना उतरले. हमीदभाईंनी काही न विचारता इस्त्री उघडली.

जेवताना वाढायला बालाजीच बसला होता. पहिला घास घेऊन तो म्हणाला, "लई धूर झाला गं, बाबांसारखाच." असेल. माझ्या जिभेला नुसतं आंबट लागत होतं. मी ताटातली सगळी संपवली आणि ताट पुढं केलं.

"अजून वाढा," मी म्हटलं.